स्किल लॅबमधलं बाळंतपण

लेबर वॉर्डची पोस्टिंग लागायच्या आधी मुंबईतल्या आमच्या नर्सिंग कॉलेजात सिम्युलेशनचे, म्हणजे खोट्या प्रसंगावर सरावाचे, तास झाले. विषय होता बाळंतपणानंतरचा रक्तस्राव, म्हणजे पीपीएच.

मॅडमनी 'मामा नॅटली' (बाळंतपणाच्या सरावाचं नकली पोट) स्वतःच्या पोटावर बांधली, वरून गाऊन चढवला आणि कॉटवर आडव्या झाल्या. आत बाहुली, वार आणि लाल पाण्याची पिशवी. बाळ झालं. मी मिनिटाच्या आत १० युनिट ऑक्सिटोसिन, म्हणजे गर्भाशय आवळायचं इंजेक्शन, मांडीत दिलं, अर्थात लटकंच. वार पूर्ण आली का ते पाहिलं. तरी चादरीवर लाल डाग पसरतच होता. पोटाला हात लावला तर गर्भाशय भिजवलेल्या कणकेसारखं मऊ. ५०० मिलीच्या वर रक्त गेलं की पीपीएच, गर्भाशय न आवळणं हे त्याचं सगळ्यात नेहमीचं कारण, सगळं तोंडपाठ होतं. मी मसाज सुरू केला, पण तोंडातून शब्द फुटेना.

नंतर डिब्रीफिंग, म्हणजे काय झालं, काय राहिलं यावर एकत्र बोलणं. मॅडम रागावल्या नाहीत. "तेव्हा तुझ्या मनात काय चाललं होतं?" एवढंच विचारलं आणि व्हिडिओ लावला. सव्वा मिनिट मी एकटीच पोट चोळतेय. शेजारी दोघी मैत्रिणी हात बांधून उभ्या, मी काही सांगेन म्हणून. ना हाक, ना सलाईन, ना मूत्राशय भरलंय का ते पाहणं. भरलेलं असलं तर गर्भाशय नीट आवळत नाही.

सराव दहा मिनिटांचा होता, बोलणं चाळीस मिनिटं चाललं. काही ठिकाणी वेळ नाही म्हणून नेमकं हेच गाळतात. मग सरावाच्या महागड्या पुतळ्याचा, मॅनिकिनचा काय उपयोग?

दुसऱ्या फेरीत आई मी झाले. या वेळी मैत्रिणींनी कामं पटापट वाटून घेतली, एकीने डॉक्टरांना हाक मारली, रक्त थांबलं. मी छताच्या पंख्याकडे बघत पडले होते. माझ्या तोंडाकडे कुणी पाहिलंच नाही. "बाळ कुठंय?" मी दोनदा विचारलं. ते नाटकात ठरलेलं नव्हतं, खरंच विचारावंसं वाटलं. डिब्रीफिंगमध्ये हे सांगितलं तेव्हा सगळ्या गप्प झाल्या.

आता लेबर वॉर्डमध्ये पोटावर हात ठेवायच्या आधी मी सांगते, "ताई, पोट चोळतेय, थोडं दुखेल. बाळ सिस्टरांकडे आहे. रडतंय, ऐकलंत ना?"