लॉगिन नव्हे, हिशेब जड जातो
छोट्या इंटरनेट सेवेचा रेडियस सर्व्हर, म्हणजे ग्राहकाचा पासवर्ड तपासणारा आणि वापराचा हिशेब ठेवणारा सर्व्हर, सांभाळतो म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "एका वेळी किती लॉगिन झेपतात?" मला तो प्रश्न चुकीच्या टोकाला धरलेला वाटतो. फ्रीरेडियस (या कामाचं सॉफ्टवेअर) पासवर्ड तपासतो तेव्हा रॅडचेक, रॅडरिप्लाय आणि ग्रुपच्या टेबलांतून चार-दोन ओळी वाचतो. इंडेक्स नीट असेल तर डेटाबेसला त्याचा काहीच त्रास नाही.

रॅडअॅक्ट हे वापराच्या हिशेबाचं (अकाउंटिंगचं) टेबल मात्र सतत लिहिलं जातं. सेशन सुरू झालं की नवी ओळ, मधूनमधून अंतरिम अपडेट, सेशन संपलं की पुन्हा अपडेट. आरएफसी २८६९ हा रेडियसविषयीचा तांत्रिक दस्तऐवज म्हणतो की अंतरिम अपडेटमधलं अंतर ६०० सेकंदांपेक्षा कमी नसावं. तरी "ग्राफ छान दिसतो" म्हणून ते ६० वर आणणारे भेटतातच.

वीज जाऊन आली की खरी कसोटी. सगळे ग्राहक एकदम परत येतात, लिहिण्याची रांग लागते आणि डेटाबेसची सगळी कनेक्शन्स त्यातच अडकतात. नॅसला (ग्राहकाला नेटशी जोडणाऱ्या उपकरणाला) उत्तर वेळेत मिळालं नाही की तो तीच विनंती पुन्हा पाठवतो, म्हणजे भार आणखी वाढतो. पासवर्ड बरोबर, सर्व्हर चालू, तरी कुणालाच नेट नाही.

म्हणून अकाउंटिंग थेट डेटाबेसमध्ये जाऊ देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. फ्रीरेडियससोबत बफर्ड-एसक्यूएलची तयार मांडणी येते. पॅकेट आधी डिस्कवरच्या डिटेल फाइलमध्ये उतरतं, नॅसला लगेच पोच मिळते आणि फाइलमधून डेटाबेसकडे नोंदी सवडीने जातात. डेटाबेस काही काळ बंद असला तरी हिशेब हरवत नाही. फक्त एक भान ठेवावं लागतं: एका खात्यावर एकच लॉगिन असा नियम रॅडअॅक्ट बघूनच ठरत असेल, तर फाइल मागे पडल्यावर त्याला जुनंच चित्र दिसतं.

त्याच नियमामुळे अडकलेली सेशन्सही डोकेदुखी होतात. नॅस अचानक बंद पडला तर शेवटचं पॅकेट येतच नाही, थांबण्याची वेळ रिकामी राहते आणि ग्राहकाला "तुम्ही आधीच जोडलेले आहात" म्हणून नकार मिळतो. सलग तीन अंतरिम अपडेट चुकले की मी ते सेशन बंद करतो, पण थांबण्याची वेळ म्हणून शेवटच्या अपडेटचीच वेळ लिहितो, आत्ताची कधीच नाही. न वापरलेले तास ग्राहकाच्या नावावर चढू नयेत, याबाबत मी फार काटेकोर आहे.

डेटाच्या मोजणीचंही तसंच. ऑक्टेटचा (म्हणजे बाइटचा) आकडा ३२ बिटांचा, ४ जीबी झाले की पुन्हा शून्यावर येतो. किती वेळा फिरला ते गिगावर्ड्स या वेगळ्या आकड्यात येतं. फ्रीरेडियसच्या मूळ क्वेरी दोन्ही जोडतात. स्वतःची क्वेरी लिहिली असेल तर तेवढं आज उघडून तपासा.