कामट्या, पऱ्हाट्या आणि नाताळचे तारे : आमची वाटचाल

दिवाळी संपली की आकाशकंदिलाचा धंदा बसतो, असं कुणाला वाटत असेल तर त्याने भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी भुसावळला आमच्या दुकानात यावं. कंदिलांचे सांगाडे माळ्यावर जातात आणि ताऱ्यांच्या कामट्या खाली उतरतात. हे रेल्वेचं गाव. नोकरीच्या निमित्ताने कुठून कुठून ख्रिस्ती कुटुंबं आली आणि इथलीच झाली. मराठी ख्रिस्ती घरं तर पिढ्यान्‌पिढ्यांची. माझे वडील दिवाळीला कंदील, नाताळला तारे आणि संक्रांतीला पतंग करायचे. तिन्हींना कामटी तीच, पतंगी कागद तोच, खळ तीच.

तारा बांधणं दिसतं तेवढं सोपं नाही. पाच लांब कामट्यांचा एक तारा करायचा, तसाच दुसरा. दोन्ही एकावर एक ठेवून पाची टोकं सुतळीने करकचून बांधायची. मग आत जिथे कामट्या एकमेकींना छेदतात, तिथे दोन ताऱ्यांच्या मधे पाच आखूड खुंट्या उभ्या अडकवायच्या. पाचवी खुंटी बसली की चपटा तारा एकदम फुगतो. एक कामटी जरी जाडीला कमीजास्त असली, तरी तो एका अंगाला तोंड वाकडं करून बसतो. वडील कामटी बोटांत वाकवून, नुसत्या अंदाजाने निवडायचे. खळीत चिमूटभर मोरचूद टाकायचे, नाहीतर कागदाआधी झुरळांचा नाताळ होतो.

मी दुकानात बसायला लागलो आणि हे सगळं बंद केलं. घाऊक बाजारातून घडीचे प्लास्टिकचे तारे, येशूजन्माच्या देखाव्याचे थर्माकोलचे गोठे, पीव्हीसीची झाडं आणायची आणि विकायची. बोटं कापत नव्हती, नफाही बरा होता. २३ मार्च २०१८ ला राज्यात प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली, त्यात सजावटीचं थर्माकोलही आलं. गेल्या नाताळचा उरलेला माल तेव्हा माळ्यावर होता, साधारण सत्तर हजारांचा. पर्यावरणाची काळजी वाटली म्हणून वळलो असं सांगायला मला आवडलं असतं, पण खरं कारण तो माळा. वडील एका शब्दाने बोलले नाहीत. त्यांनी आतून कोयता काढला आणि ओट्यावर बसून दगडावर घासायला लागले.

पहिल्याच वर्षी मी जरा जास्त हुशारी केली. रावेर-यावलकडे केळीचं झाड घड दिला की कापतात. एका खोडाला घड एकदाच. उरलेलं खोड शेताबाहेर काढायला शेतकऱ्यालाच मजुरी मोजावी लागते. त्या खोडापासून धागा निघतो, धाग्याचा कागदही होतो. म्हटलं, जळगावची केळी आणि नाताळचा तारा, यापेक्षा चांगली जाहिरात कोणती! चाळीस तारे केळीच्या कागदाने मढवले, दिसायला सुरेख. दिवा लावला तर उजेड सगळा आतच. चर्चच्या दारावर टांगलेला आमचा तारा अंधारात वाळलेल्या भोपळ्यासारखा दिसत होता. तेव्हापासून केळीचा धागा आम्ही फक्त बांधायला आणि झिरमिळ्यांना वापरतो. मढवायला पतंगी कागद, नाहीतर जुन्या सुती साड्या. साडी गिऱ्हाईक घरून आणतं. आत एलईडी, त्यामुळे कापड तापत नाही. चमकी हवी म्हणून मुलं हट्ट धरतात. चमकी म्हणजे प्लास्टिकचाच भुगा, ती देत नाही.

गोठ्याचं काम त्या मानाने सहज जमलं. आमच्याकडे पोळ्याला मातीचे बैल घरोघरी येतात. त्याच कुंभारदादांना म्हटलं, बैल तर तुमच्याकडे आहेतच, एक गाढव आणि चार मेंढपाळ करून द्या. गाढव ऐकून ते हसले, पण केलं. गव्हाणीत ज्वारीचा कडबा. संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीत ग्रेच्चो गावी गव्हाणीचा देखावा केला, तेव्हा खरा बैल आणि खरं गाढव उभं केलं होतं म्हणे. म्हणजे थर्माकोल मधेच कुठून तरी शिरलं.

आता झाडाची गोष्ट, जी मला आजही ऐकवली जाते. सूचिपर्णी झाडं आपल्याकडे कुठली? पण नोव्हेंबर-डिसेंबरात वेचणी संपलेल्या शेतात कपाशीच्या पऱ्हाट्यांचे, म्हणजे वाळलेल्या झाडांचे, ढीग पडतात, आणि वर राहिलेली पांढरी बोंडं लांबून बर्फासारखी दिसतात. चिमट्याने मुळासकट उपटलेली चांगली फांदेदार पऱ्हाटी घेतली, मातीच्या कुंडीत रोवली, बोंडं तशीच ठेवली. पहिल्या वर्षी साठ झाडं हातोहात गेली. नाताळच्या आदल्या रात्री माझ्या शाळेतल्या निवृत्त बाईंचा फोन.

"अरे, तुझ्या झाडावरून माझ्या केकवर अळी पडली."

"बाई, कसली अळी?"

"गुलाबी आहे. आयसिंगला रंग चांगला जुळतोय."

गुलाबी बोंडअळी! ती थंडीत न उमललेल्या आणि किडक्या बोंडांतच दडून बसते. म्हणून तर कृषी विभाग दरवर्षी सांगतो, फरदड घेऊ नका, म्हणजे वेचणीनंतर तेच पीक पुढे राखू नका, पऱ्हाट्या उपटून शेत मोकळं करा. शेतकऱ्याच्या पोराला हे कळायला हवं होतं. मी पडलो दुकानदाराचा. त्या आठवड्यात अकरा झाडं पैशांसकट परत घेतली. आता किडून कवडी झालेलं किंवा अर्धवट उमललेलं एकही बोंड झाडावर ठेवत नाही. चांगली बोंडं वेगळी काढून, बेकरीची भट्टी निवत आली की तिच्यात तापवतो आणि मग पुन्हा बांधतो. काम दुप्पट झालं, किंमत तेवढीच.

२०२० साल गेलं. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

त्यानंतर आमचा माल पश्चिमेला सरकला. भुसावळ-सुरत मार्गावरचं नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत. त्या तालुक्यात ख्रिस्ती आदिवासी कुटुंबं बरीच. एका गावात घरापुढे उंच बांबूवर लावलेले तारे पाहिले आणि मनाशी म्हटलं, इथे आपण शिकवायला नको, शिकायला यावं. आता आमचा बांबू तिकडूनच येतो, चिरून, कामट्या तासून. पिढ्यान्‌पिढ्या टोपल्या-सुपं विणणाऱ्या कोटवालिया कारागिरांच्या हाताला जाडी चुकत नाही. वडील असते तर म्हणाले असते, बोटांनी निवडायचं कामच उरलं नाही.

एका मोठ्या कार्यालयाने तीनशे छोटे तारे मागवले, भेट म्हणून. अट एकच : प्रत्येक तारा हवेच्या फुग्यांच्या प्लास्टिकमध्ये, म्हणजे बबल रॅपमध्ये, गुंडाळून, वर 'पर्यावरणपूरक' असं चिकटवून. मी म्हटलं, कडब्यात आणि रद्दीत बांधून देतो. त्यांना ते गावठी वाटलं, ऑर्डर गेली. तीनशे ताऱ्यांचे पैसे गेल्याचं दुःख झालं, खोटं कशाला बोलू.

मुलगा वाणिज्य शिकतो. त्याचा प्रश्न असा की तारा दहा वर्षं टिकला तर दुकान कशावर चालणार? तारा तीनशेचा, सांगाडा परत आणला तर ऐंशी रुपयांत नवा कागद चढवून देतो. गेल्या डिसेंबरात नवे तारे नव्वद विकले गेले आणि कागद बदलायला आले एकशे चाळीस. कामट्यांवर नावं, साल, कुणाच्या पोरांनी पेन्सिलीने काढलेली चित्रं असतात, ती आम्ही घासत नाही. घरात जुना प्लास्टिकचा तारा धड असेल तर तोच लावा, हेही मी गिऱ्हाइकाला सांगतो. बायकोचं म्हणणं, दुकानदाराने तोंड जरा आवरावं.

६ जानेवारीला सण उतरला की पऱ्हाट्यांची झाडं आमच्याकडे परत येतात. बोंडं काढून घेतो आणि राहिलेल्या काड्यांवर दुकानामागच्या मोकळ्या जागेत बामणोदची वांगी भाजतो. भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वर कांद्याची पात, सगळं केळीच्या पानावर. झाड परत आणणाऱ्याला जेवण. यंदा बाईही आल्या. पहिलं वांगं त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी चष्मा नीट केला, वांगं मधोमध फोडलं, आणि सगळ्यांच्या देखत आत वाकून पाहिलं.