आधी पाण्याचा माग काढा : टाकून दिलेली ओपन गाडी घरीच दुरुस्त करताना

गाडी घरी आली त्या दिवशी दार उघडल्यावर पहिला आला तो वास. ओल्या गोणपाटाचा, कुबट. बाबांनी सीटच्या मागे हात घालून कार्पेट दाबलं तर बोटांमधून पाणी वर आलं, आणि बाहेर तर आठवडाभर पावसाचा थेंब नव्हता. मी इंजिन कधी सुरू होणार या विचारात, आणि बाबा म्हणाले इंजिनाचं नंतर बघू गं, आधी हे पाणी कुठून येतंय ते शोध. आज मागे वळून बघताना वाटतं की सगळ्या कामात सर्वात जास्त पैसे कशाने वाचवले असतील तर त्या एका वाक्याने.

गाडी म्हणजे माझदा एमएक्स-५, १९९२ ची, पहिल्या पिढीतली, १.६ लिटर इंजिनवाली, दिवे बॉनेटमधून वर उघडतात ती. आधीच्या मालकाने चार वर्षं झाडाखाली उभी करून ठेवली होती, टप (वरचं घडी होणारं कापडी छप्पर) बंद, काचा वर, आणि मग कोणी ढुंकून पाहिलं नाही. हे मॉडेल १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या ऑटो शोमध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आलं आणि २०१६ पर्यंत सगळ्या पिढ्या मिळून दहा लाख गाड्या बनल्या, त्यामुळे हिचे पार्ट अजून मिळतात, नवे मिळतात, जुने काढलेले मिळतात, आणि कमी बजेटमध्ये काम करायचं असेल तर हे फार मोलाचं आहे. गाडी कितीही सुंदर असो, साध्या रबरासाठी सहा महिने थांबावं लागलं तर माणूस कंटाळतो आणि ती परत झाडाखाली जाते.

तर पाणी. ज्यांनी ज्यांनी बघितलं त्यांनी एकच सांगितलं, टप फाटलाय, नवा टाक. नवा टप आणि बसवायची मजुरी मिळून जवळपास गाडीच्या किमतीएवढा खर्च होता. आणि मुख्य म्हणजे फाटलेली जागा होती डाव्या बाजूला वर, पाणी मात्र दोन्ही बाजूला, सीटच्या मागे, खाली. ते काही जुळेना. मग आम्ही टप लावून घेतला, मी टॉर्च घेऊन आत बसले आणि बाबांनी बाहेरून मगने पाणी ओतायला सुरुवात केली. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, पाणी खालून वर ओतत जायचं. आधी दाराच्या खालचा भाग, मग काचेची कड, मग मागचा भाग, मग टपाची शिवण, सगळ्यात शेवटी वरचा भाग. पाईप घेऊन एकदम वरून सोडलं तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि कुठून शिरलं ते ब्रह्मदेवाला पण कळत नाही.

दारं ठीक होती. टपाच्या मागच्या कडेला दुसराच मग ओतला आणि माझ्या खांद्यामागे, सीट बेल्ट जिथे बसतो त्या खांबापाशी, पाणी वर वर चढताना दिसलं! म्हणजे गळत नव्हतं, तुंबत होतं.

ओपन गाडीचं हे गणित मला आधी माहीतच नव्हतं, आणि कदाचित तुम्हालाही नसेल म्हणून सविस्तर सांगते. टपावरचं पाणी मागे उतरतं, टपाच्या खालच्या कडेला आतून एक पन्हळ असते ती ते झेलते, पन्हळीतून ते दोन कोपऱ्यांत दोन भोकांत जातं, तिथून नळीने खाली, आणि मागच्या चाकाच्या थोडं पुढे गाडीच्या पोटाखालून बाहेर पडतं. जुन्या घराच्या कौलांना पागोळीची पन्हळ लावतात ना, अगदी तसंच. म्हणजे थोडंफार पाणी टपाच्या आतल्या बाजूला येणार हे गाडी बनवणाऱ्यांनी गृहीतच धरलंय. ती दोन भोकं तुंबली की टप कितीही नवा कोरा टाका, पाणी आतच येणार. आमच्या भोकांत चार वर्षांच्या पानांचा काळा लगदा होता आणि उजव्या बाजूला त्यात चक्क एक रोपटं उगवलेलं.

ते साफ करायला कडक तार अजिबात घालू नका, खालची नळी रबराची असते, ती फाटली की पाणी सरळ पत्र्याच्या पोकळीत. गवत कापायच्या मशीनची जाड नायलॉन दोरी असते ती वापरली, पुढे मागे, थोडं कोमट पाणी, परत पुढे मागे. कॉम्प्रेसरची हवा मारायचा मोह होतो पण जोरात मारली तर नळी जागेवरून निसटू शकते. जवळपास तासाभराने भसकन चिखल खाली पडला आणि मागोमाग पाणी धो धो वाहायला लागलं आणि आम्ही दोघं गाडीखाली डोकं घालून ते बघत बसलो, एवढा आनंद मला नंतर इंजिन सुरू झाल्यावर सुद्धा झाला नाही, खरंच. आता दर महिन्याला अर्धी बाटली पाणी प्रत्येक भोकात ओतते आणि खालून तेवढंच येतं का बघते. दोन मिनिटांचं काम आहे.

पण चार वर्षं तुंबलेलं पाणी गेलं कुठे होतं? दाराच्या खाली जी लांब पोकळ पेटी असते, सिल म्हणतात ती, तिच्यात. बाहेरून मागच्या चाकाच्या पुढे रंगाला लहानसे फुगे आलेले, मी म्हटलं वरवरचा गंज असेल, पॉलिश पेपर मारू. बाबांनी स्क्रू ड्रायव्हरने टोचलं आणि तो सरळ आत गेला. गंज आतून बाहेर आलेला, बाहेर फुगा दिसतो तोपर्यंत आतला पत्रा संपलेला असतो.

आणि इथे बजेट बिजेट बाजूला ठेवा. छप्पर असलेल्या गाडीत छप्पर सुद्धा वजन पेलतं, ओपन गाडीत ते नाहीये, त्यामुळे गाडीचा कणा म्हणजे ह्या दोन सिल. गाडी जॅकवर घेतली आणि दार नीट लागेनासं झालं किंवा दाराभोवतीची फट वर कमी खाली जास्त दिसायला लागली तर समजा की बॉडी वाकतेय. आमची फट हलली नाही, म्हणजे वेळेवर आलो होतो. पण फायबर आणि पुट्टी भरून वर रंग मारून टाका असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका, पुट्टी ताकद देत नाही आणि गंज झाकून ठेवते. आम्ही सडलेला भाग कापून नवीन पत्रा वेल्ड करून घेतला, वेल्डिंग आम्हाला येत नाही म्हणून ते बाहेर दिलं, पण कार्पेट, सीट, ट्रिम सगळं आधी स्वतः काढून गाडी मोकळी करून दिली त्यामुळे मजुरी बरीच कमी झाली. परत आल्यावर सिलच्या आत लांब नळीने गंजरोधक मेण मारलं. पूर्ण कामात सगळ्यात मोठा खर्च हाच आणि त्याबद्दल मला जराही वाईट वाटत नाही.

जॅकवरून आठवलं, ह्या गाडीत गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल (मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी गिअरची पेटी) जोडणारी एक लांब ॲल्युमिनियमची फ्रेम मधोमध जाते, दिसायला भक्कम दिसते पण जॅक तिला कधीच लावायचा नाही. आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली जायचं नाही, स्टँड पाहिजेतच. हत्यारांत कुठे पैसे वाचवायचे नसतील तर ते स्टँडमध्ये.

कार्पेट बाहेर काढून वाळवलं. नुसतं वरून वाळवून भागत नाही, खालचा फोम पाणी धरून ठेवतो, वरून हात लावाल तर कोरडं आणि खाली तळं. उन्हात उभं टाकून चार दिवस लागले.

डिकीत अजून एक गोष्ट सापडली. ह्या गाडीत बॅटरी डिकीत असते, त्यामुळे तिच्यातून निघणारा वायू नळीने बाहेर जावा अशी सोय असते. कोणीतरी साधी बॅटरी बसवून ती नळी लावलीच नव्हती, आणि खालचा पत्रा ॲसिडने पांढरा पडलेला. खायचा सोडा पाण्यात कालवून ओतला, फेस यायचा थांबेपर्यंत, मग धुऊन, घासून, प्रायमर आणि रंग. नवीन बॅटरी नळी लावता येईल अशीच घेतली.

इंजिनाचं थोडक्यात सांगते कारण त्याने फार त्रास दिला नाही. चार वर्षं उभ्या इंजिनाला थेट चावी मारू नका एवढंच. प्लग काढले, प्रत्येक सिलेंडरमध्ये थोडं ऑईल टाकलं, रात्रभर ठेवलं, दुसऱ्या दिवशी क्रँकच्या बोल्टला पाना लावून हाताने फिरवलं, फिरलं. जुनं पेट्रोल वार्निशसारखं वास मारत होतं, ते काढलं, फिल्टर बदलला, ऑईल, कूलंट, प्लग नवे. टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्वची चाल एकमेकांशी जुळवून ठेवणारा पट्टा) साधारण १ लाख किलोमीटरला बदलायचा असतो, आमच्या बेल्टचा काही इतिहासच माहीत नव्हता म्हणून बदलला आणि उघडलंच आहे तर वॉटर पंप पण. ह्या इंजिनात बेल्ट तुटला तरी व्हॉल्व आणि पिस्टन एकमेकांवर आपटत नाहीत, तेवढा दिलासा आहे, पण रस्त्यात बंद पडायची हौस कोणाला.

ब्रेक. ब्रेक ऑईल हवेतली ओल शोषून घेतं हे वाचलेलं होतं पण डबीत चहासारखा रंग बघितल्यावर पटलं. ओल शिरली की त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो, डॉट ३ ह्या प्रकारच्या ब्रेक ऑईलचं बघितलं तर कोरडं असताना किमान २०५ अंश आणि ओल धरल्यावर १४० अंश, म्हणजे उतारावर सतत ब्रेक दाबले तर आत वाफ होऊन पेडल पोकळ जाऊ शकतं. सगळं बदललं. मागची दोन्ही कॅलिपर (पिस्टनने पॅड चाकाच्या डिस्कवर दाबतात ते भाग) जाम होती, पिना घासून ब्रेकचं ग्रीस लावलं आणि मोकळी झाली, नवीन घ्यावी लागली नाहीत. आणि मागचा पिस्टन आत जात नाही म्हणून शिकंजा लावून दाबू नका हो! हँडब्रेकची यंत्रणा त्यालाच जोडलेली असते. कॅलिपरच्या मागे एक बोल्ट आहे, तो काढला की आत ४ मिलिमीटरच्या ॲलन कीची खाच दिसते, उलटी फिरवली की पिस्टन मागे जातो, नवे पॅड बसवल्यावर सुलटी घट्ट फिरवून मग साधारण एक तृतीयांश फेरा सैल सोडायची. हे कळायच्या आधी आमची एक पूर्ण संध्याकाळ गेली.

क्लचचा पेडल जमिनीला टेकायचा. गिअरबॉक्सच्या बाहेर छोटा स्लेव्ह सिलेंडर असतो, पेडलचा दाब ऑईलमधून क्लचपर्यंत पोहोचवणारा, त्याचं आतलं रबर म्हातारं झालेलं, दोन बोल्टवर असतो, बदलला. त्या ऑईलमध्ये अडकलेली हवा काढताना मी खाली आणि बाबा पेडलवर. "बाबा, दाबा. धरून ठेवा. सोडा." असं किमान चाळीस वेळा. टायरची नक्षी छान होती पण बाजूला चार आकडे असतात ते वाचा, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष. आमच्यावर २३०९ होतं, म्हणजे २००९ चा तेविसावा आठवडा. चारही बदलले, तिथे विचारच केला नाही.

आणि मग टप. वरची शिवण हातभर उसवलेली, कापड मात्र चांगलं. मी दाभण आणि घरातला जाड सुती दोरा घेऊन बसले तर आई म्हणाली सुती दोरा उन्हापावसात कुजेल, आणि धावदोरा घालू नकोस, उलट टीप घाल, एक टाका तुटला तरी पुढचे सुटत नाहीत. मग उन्हात टिकणारा पॉलिस्टरचा दोरा आणला, वाकडी सुई घेतली आणि जुन्याच भोकांमधून उलट टीप घातली. जुनीच भोकं वापरायची हे महत्त्वाचं, नवीन पाडली तर कापड तिथे तिकिटासारखं फाटतं. तीन संध्याकाळी लागल्या, बोटं सुजली, वरून शिवणीला सीलर फिरवला. आईने बघून नुसती मान हलवली, ती माझ्यासाठी पावती.

मागची खिडकी प्लास्टिकची आहे, पिवळी पडलेली. प्लास्टिकचं पॉलिश आणि मऊ कापड घेऊन तीनदा घासली तर मागच्या गाडीचे दिवे दिसायला लागले, स्वच्छ म्हणता येणार नाही पण दिसतं. अमोनियावालं काच पुसायचं लिक्विड हिला चालत नाही. टप खाली करायच्या आधी खिडकीची चेन उघडून ती सपाट झोपवायची, नाहीतर घडी पडते आणि थंडीत तिथेच तडकते.

रबरं बदलली नाहीत. दारात कागदाची पट्टी धरून दार लावायचं आणि पट्टी ओढायची, सहज निघाली तर तिथे रबर टेकत नाहीये. असं पूर्ण दाराभोवती केलं, दोनच जागा निघाल्या. रबर साबणाच्या पाण्याने पुसून सिलिकॉन ग्रीस लावलं (तेल किंवा व्हॅसलीन नको, रबर फुगतं) आणि पुढच्या काचेच्या वर टप अडकवायच्या हुकाची लांबी कमीजास्त करता येते ती दोन्ही बाजूला थोडी आवळली.

कार्पेट अजून बसवलं नव्हतं तेव्हाच एका रात्री जोरात पाऊस झाला. मी आधीच चार ठिकाणी वर्तमानपत्राचे कागद अंथरून ठेवले होते. सकाळी बाबा माझ्या आधी खाली जाऊन आलेले, म्हणाले तीन कोरडे आहेत, डावीकडचा पुढचा कोपऱ्यात ओला आहे, रुपयाएवढा. डावीकडचा हूक अजून अर्धा फेरा आवळला. पुढच्या पावसात चारही कागद कोरडे निघाले, तेव्हा कार्पेट बसवलं. उजवीकडची काच वर जायला अजून फार वेळ घेते, तिची केबल आणि ग्रीस ह्या रविवारी.