लॉर्ड मेयर, लीडर, मेयर आणि ती झाडं

इंग्लंडातल्या शेफिल्डला आल्यावर पहिल्याच वर्षी मतदार नोंदणीचं पत्र दारात पडलं होतं. मी ते आधीच्या भाडेकरूचं असणार म्हणून रद्दीत टाकायला निघाले होते. भारतीय पासपोर्ट, कामाचा व्हिसा, मी कुठलं मत देणार? मग ऑफिसातल्या एकीनं सांगितलं की कॉमनवेल्थ देशाचा नागरिक इथे रीतसर व्हिसावर राहत असेल तर त्याला मत देता येतं, कौन्सिललाही (म्हणजे इथली महानगरपालिका) आणि खासदार निवडतानाही. मला खरंच वाटेना, दोनदा वाचून खात्री केली. (उभं राहायचं असेल तर मात्र कायमस्वरूपी राहण्याची परवानगी लागते, तेवढी हौस मला अजून आलेली नाहीये.)

तर मत दिलं. निवडणूक गुरुवारी, सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत, सुट्टी वगैरे काही नाही, ऑफिसला जाता जाता उरकायचं. आमचं पोलिंग स्टेशन चर्चच्या हॉलमध्ये. २०२३ पासून फोटो असलेलं ओळखपत्र दाखवावं लागतं आणि त्यात कॉमनवेल्थ देशाचा पासपोर्ट चालतो, म्हणजे इंग्लंडातल्या मतदानाला मी अशोकस्तंभ छापलेला पासपोर्ट घेऊन उभी! मशीन नाही, बोटाला शाई नाही. कागदाची मतपत्रिका आणि दोरीला बांधलेली पेन्सिल, नावापुढे फुली मारायची, घडी घालून पेटीत टाकायची, झालं. बाहेर एक कुत्रा मालकाची वाट बघत बसला होता, तोही अगदी शिस्तीत.

बाहेर आल्यावर नवऱ्यानं विचारलं, "कोणाला निवडलंस?" नाव सांगितलं. "मग तो काय करणार?" आणि मला उत्तर येईना. तिथून हा सगळा नाद सुरू झाला.

शेफिल्डमध्ये २८ वॉर्ड आणि प्रत्येक वॉर्डात तीन कौन्सिलर, म्हणजे ८४. प्रत्येकाची मुदत चार वर्षं, पण सगळे एकदम निवडून येत नाहीत. दर वर्षी वॉर्डातली एकेक जागा निघते, असं तीन वर्षं, आणि चौथ्या वर्षी सुट्टी. २०२३ ला होती, २०२४ ला होती, २०२५ ला नव्हती. बर्मिंगहॅमनं हे बंद करून २०१८ पासून चार वर्षांतून एकदाच १०१ च्या १०१ निवडायला सुरुवात केली. थोडे थोडे निवडल्यामुळे एका लाटेत सगळं कौन्सिल उलटंपालटं होत नाही हा फायदा, आणि सत्तेतले लोक सतत कुठल्या ना कुठल्या निवडणुकीच्या तोंडावर असतात हा तोटा, असं सांगतात. माझा तोटा वेगळा आहे. वसंत आला की दाराच्या फटीतून पत्रकं पडायला लागतात आणि प्रत्येकावर एक बार चार्ट असतो, "इथे आम्हीच जिंकू शकतो" असं सांगणारा, आणि त्या चार्टमधल्या खांबांची उंची आणि खालचे आकडे यांचा एकमेकांशी काही संबंध असेलच असं नाही.

ज्याला सगळ्यात जास्त मतं तो जिंकला, एवढाच नियम. पाच-सहा जण उभे असले की तीस-पस्तीस टक्क्यांतही काम होऊन जातं, आणि मुळात मतदानाला येतात तीनातले साधारण एक जण.

आता कारभार कोण बघतं. मला वाटलं होतं लॉर्ड मेयर. इतकं भारी नाव, गळ्यात सोन्याची साखळी, टाउन हॉल पण कसला, १८९७ मध्ये व्हिक्टोरिया राणीनं उद्घाटन केलेला आणि मनोऱ्यावर व्हल्कन देवाचा पुतळा. पण लॉर्ड मेयर म्हणजे एका वर्षासाठी कौन्सिलर मंडळींनी आपल्यातूनच निवडलेला शोभेचा माणूस, फिती कापायच्या आणि सभेचं अध्यक्षपद सांभाळायचं. २०१८ मध्ये मॅजिद मॅजिद नावाचा २८ वर्षांचा, सोमालियात जन्मलेला, लहानपणी निर्वासित म्हणून इथे आलेला तरुण लॉर्ड मेयर झाला, टाउन हॉलच्या जिन्यातल्या कठड्यावर डॉक मार्टेन बूट घालून उकिडवा बसलेला त्याचा फोटो जगभर फिरला. मला तो फोटो फार आवडतो. पण रस्त्याचा एक खड्डा बुजवायचा अधिकार त्याच्याही हातात नव्हता.

खरी सत्ता लीडरकडे, म्हणजे ज्याच्यामागे जास्त कौन्सिलर त्याच्याकडे. आणि हे कमी म्हणून साउथ यॉर्कशायरचा मेयर वेगळाच आहे, त्याला लोक थेट निवडतात, त्याच्याकडे शेफिल्डसकट रॉदरहॅम, बार्न्सली आणि डॉनकास्टर असा पूर्ण पट्टा, बस-ट्राम वगैरे बघतो. मेयर आणि लॉर्ड मेयर ही दोन वेगळी माणसं आहेत हे समजायला मला दोन निवडणुका लागल्या.

आता झाडांची गोष्ट, खरं तर तीच सांगायला बसलेय.

२०१२ मध्ये कौन्सिलनं शहरातले रस्ते, फुटपाथ, दिवे सुधारायचं २५ वर्षांचं कंत्राट एका खासगी कंपनीला दिलं, दोन अब्ज पौंडांहून मोठं. रस्त्याकडेची झाडंही त्यातच आली. फुटपाथ मुळांनी उचलला गेला की झाड तोडायचं, असं करत करत साडेपाच हजारांच्या वर झाडं गेली. लोक चिडले. नोव्हेंबर २०१६ मध्ये रसलिंग्ज रोडवर पहाटे पाच वाजता पोलीस बंदोबस्तात तोडणी सुरू झाली, अंधारात लोकांना दार वाजवून उठवलं गाड्या हलवा म्हणून, आणि सत्तरीच्या दोन बायकांना अटक झाली. आजीबाईंना, झाडासाठी! मग कोर्टाचे मनाई हुकूम आले, ग्रीन पार्टीच्या एका कौन्सिलरलाच कौन्सिलनं कोर्टात खेचलं (ती सुटली). २०१८ मध्ये बाहेर आलं की कंत्राटात १७,५०० झाडांचा आकडा लिहिलेला आहे, म्हणजे एकूण झाडांपैकी जवळजवळ निम्मी. मार्चमध्ये तोडणी थांबली. पुढे सर मार्क लोकॉक यांची चौकशी झाली, मार्च २०२३ मध्ये अहवाल आला, कौन्सिलवर कडक ताशेरे ओढलेले, कोर्टाचीही दिशाभूल केल्याचं त्यात आहे. कौन्सिलनं माफी मागितली.

पण मला त्यातला मधला भाग जास्त इंटरेस्टिंग वाटतो. लोक आपापल्या कौन्सिलरकडे जायचे, अहो थांबवा हे, आणि तो बिचारा हात वर करायचा. कारण २००० च्या कायद्यानंतर इंग्लंडातल्या बहुतेक कौन्सिलांमध्ये लीडर आणि त्याची कॅबिनेट अशी पद्धत आली, कॅबिनेट जास्तीत जास्त दहा जणांची, निर्णय तिथेच. उरलेल्या सत्तर-पंचाहत्तर जणांनी नंतर प्रश्न विचारायचे. म्हणजे माझ्या वॉर्डाचा माणूस विरोधी पक्षाचा असेल, किंवा सत्तेतलाच पण मागच्या बाकावरचा असेल, तर मी मारलेली फुली टाउन हॉलच्या दारापर्यंत पोचायची आणि तिथेच थांबायची.

इट्स अवर सिटी नावाच्या गटानं मग कायद्यातली एक तरतूद शोधून काढली. पाच टक्के मतदारांनी सह्या केल्या तर कारभाराची पद्धत बदलायची की नाही यावर कौन्सिलला सार्वमत घ्यावंच लागतं. बाजारात, दारोदार, पावसात उभं राहून त्यांनी २६,००० च्या वर सह्या जमवल्या. विचार करा, "गव्हर्नन्स मॉडेल" या विषयावर सह्या! मी तर दोन वाक्यांत झोपले असते. मे २०२० ला मतदान व्हायचं ते कोविडमुळे २०२१ ला गेलं, आणि साधारण ६५ टक्के लोकांनी कॅबिनेट नको, समित्या हव्यात असं सांगितलं. त्याच दिवशीच्या निवडणुकीत सत्तेतल्या लेबर पक्षाचं बहुमतही गेलं. ब्रिस्टलमध्येही पुढच्या वर्षी असंच काहीसं झालं, तिथे थेट निवडलेला मेयर होता, तो लोकांनी सार्वमतानं काढून टाकला आणि २०२४ पासून समित्या आल्या.

शेफिल्डमध्ये मे २०२२ पासून समित्या आहेत. शिक्षण, घरं, वाहतूक, कचरा, अशा वेगवेगळ्या, आणि त्यांत पक्षांना कौन्सिलमधल्या संख्येच्या प्रमाणात जागा. लीडर अजून आहेच, पण एकट्यानं किंवा दहा जणांत ठरवून मोकळं होता येत नाही.

एकदा मी मुद्दाम अशी एक मीटिंग बघायला गेले, जनतेला बसता येतं. खूप काहीतरी घडेल असं वाटलं होतं. अडीच तास. पार्किंग, सायकल लेन, परत पार्किंग. एका आजोबांनी पानभर प्रश्न लिहून आणला होता आणि तो पूर्ण वाचला, मधे चष्मा पुसायला थांबले तरी कोणी त्यांना तोडलं नाही. वेगवेगळ्या पक्षांची माणसं एका परिच्छेदातल्या एका शब्दावर वीस मिनिटं भांडली आणि शेवटी तो शब्द बदलला. कंटाळा आला का, तर हो, भयंकर. समित्यांवर टीका आहे ती हीच, की वेळखाऊ आहे आणि काही चुकलं तर नेमकं कोणाला धरायचं ते कळत नाही. लंडनच्या सरकारचंही तेच मत दिसतं, जुलै २०२५ मध्ये त्यांनी आणलेल्या विधेयकात सगळीकडे परत लीडर आणि कॅबिनेटच हवं असा सूर होता, त्यावरून इकडचे सह्या गोळा करणारे लोक परत कामाला लागले.

माझं म्हणाल तर मला ते वीस मिनिटांचं भांडण आवडलं. रसलिंग्ज रोडच्या आधी कोणीतरी असं वीस मिनिटं "निम्मी झाडं" या शब्दांवर अडून बसायला हवं होतं.

मागच्या प्रचारात एक उमेदवार दारावर आला होता, तरुण पोरगा, हातात क्लिपबोर्ड, भिजलेला. नेहमीचं बोलणं झाल्यावर मी विचारलं, निवडून आलास तर कुठल्या समितीवर जाणार? त्याला हा प्रश्न बहुतेक कोणी विचारला नव्हता. जरा थांबला, मग म्हणाला, "नवीन माणसाला काय देणार, कचराच मिळेल बहुतेक." मी त्याला आमच्या गल्लीतल्या ब्राऊन बिनबद्दल दहा मिनिटं सांगितलं.