चिमूरच्या वाटेवर ऐकलेले राष्ट्रगीत

ताडोबाला जाणारे बहुतेक प्रवासी चिमूरला थांबत नाहीत. नागपूरहून उमरेड, भिसी असा रस्ता धरायचा, चिमूरच्या बसस्थानकाजवळ चहा घ्यायचा आणि कोलारा प्रवेशद्वाराकडे निघायचे, अशी रीत पडली आहे. जानेवारीत आम्हीही जंगल पाहिले, वाघ पाहिला, एका वाघामागे लागलेल्या जिप्सींची गर्दी सोसली. त्याविषयी अधिक काही लिहावेसे वाटत नाही. लिहायचे आहे ते आम्ही ज्या गावात एका शेतकरी कुटुंबाकडे उतरलो होतो, तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतील परिपाठाविषयी.

शाळेला कुंपण होते, पण गाव आणि मैदान यांच्यात फारसा आडपडदा नव्हता. ‘जन गण मन’ सुरू झाले तेव्हा सायकलवर तुराट्यांची मोळी घेऊन निघालेला माणूस उतरला आणि मोळी सावरत ताठ उभा राहिला. कापूस वेचायला निघालेल्या बाया बोलता बोलता थांबल्या. मुलांचा सूर मध्येच चढत होता, मध्येच उतरत होता. परंतु त्या ५२ सेकंदांत रस्त्यावर कुणीही हालले नाही. शहरात हे गीत मी असंख्य वेळा ऐकले आहे, तरी डोळे भरून आले ते इथे.

त्याच दिवशी संध्याकाळी, पाटोडीच्या रश्श्याचे जेवण आटोपून ओट्यावर बसलो असताना, घरातल्या तरुण मुलाने मला मोबाइलवरचा एक मजकूर दाखवला. हे गीत पंचम जॉर्जच्या स्तुतीसाठी लिहिले गेले, असे त्यात ठामपणे म्हटले होते. सकाळचे दृश्य डोळ्यांसमोर असताना ते वाचून मला मनापासून वाईट वाटले. माझे यजमान म्हणाले, “भाऊ, हे चुकीचं गावभर फिरून रायलं, तं खरं कोणी काऊन नाही सांगून रायलं?”

मग मी जे जाणतो ते सांगितले. २७ डिसेंबर १९११ रोजी कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात हे गीत प्रथम गायले गेले. बंगालची फाळणी रद्द झाल्याची घोषणा राजाने दिल्ली दरबारात नुकतीच केली होती, म्हणून त्याच दिवशी अधिवेशनात त्याच्या स्वागताचा ठराव झाला आणि त्याच्या गौरवाचे एक वेगळे हिंदी गाणेही झाले. काही इंग्रजी वृत्तपत्रांनी दोन्हींची गल्लत केली. राजसेवेतील एका परिचिताने राजाच्या गौरवाचे गीत मागितले, तेव्हा आपल्याला धक्का बसला आणि युगानुयुगे माणसांचा रथ हाकणाऱ्या भारतभाग्यविधात्याचा जयघोष आपण लिहिला, असा खुलासा रवींद्रनाथांनी १९३७ मधील पत्रात केला आहे. तो सारथी कुठलाही जॉर्ज असू शकत नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले आहे. मूळ गीताची पाच कडवी आहेत आणि ‘चिरसारथी’ त्यांपैकी तिसऱ्या कडव्यात येतो. आपण पहिलेच कडवे म्हणतो, त्यामुळे गैरसमजाला जागा राहते, असे माझे मत आहे. अर्जुनाचा रथ कोणी हाकला हे ज्या घरात लहान मुलालाही माहीत आहे, तिथे ते कडवे समजावून सांगावे लागत नाही.

दुसऱ्या दिवशी चिमूरच्या हुतात्मा स्मारकापाशी गेलो. तिथे आमच्याशिवाय कुणी नव्हते, आणि जंगलाच्या दारावरची रांग आठवून मला त्याची खंत वाटली. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीला, हे गाव ब्रिटिश सत्तेविरुद्ध उठले आणि पुढे त्याने भयंकर दडपशाही भोगली. त्यानंतर महिनाही झाला नव्हता, तोच ११ सप्टेंबरला जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात सुभाषबाबूंच्या उपस्थितीत ‘जन गण मन’ स्वतंत्र भारताचे गीत म्हणून वाजवले गेले. संविधान सभेत राजेंद्रप्रसादांनी त्याला राष्ट्रगीत म्हणून जाहीर केले ते २४ जानेवारी १९५० रोजी. ‘वंदे मातरम्’लाही त्याच वेळी समान सन्मान मिळाला.

निघण्यापूर्वी शाळेच्या गुरुजींनी मला परिपाठात हे सारे मुलांना सांगायला लावले. एका मुलीने विचारले, “मग बेचाळीस साली आपल्या चिमूरच्या लोकांनी कोणतं गाणं म्हटलं, सर?” मी तिला तुकडोजी महाराजांच्या खंजिरीवरील भजनांविषयी सांगितले. त्यांनी इथली माणसे जागी केली होती, आणि त्याच ऑगस्टमध्ये ब्रिटिशांनी महाराजांना अटक केली होती.