चुकाऱ्याच्या खिडकीवरचा इंडेक्स

हिंगणघाटकडच्या कापसाच्या एका जिनिंगचं काटापावतीचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. हंगामात ट्रॅक्टरांची रांग फाटकाबाहेर जाते. चुकाऱ्याच्या, म्हणजे मालाचे पैसे देण्याच्या खिडकीवर शेतकरी विचारतो, "भाऊ, माह्ये किती झाले?" आणि स्क्रीनवर नुसतं चक्र फिरत राहतं. रात्रीच गाडी भरून निघालेल्या माणसाला असं ताटकळत ठेवणं मला पटत नाही.

मालक नवा सर्व्हर घ्यायला तयार होते. मी आधी मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये त्या क्वेरीला, म्हणजे माहिती मागणाऱ्या आज्ञेला, 'एक्सप्लेन' लावलं; ती क्वेरी कशी चालते ते त्यातून कळतं. टाइपच्या रकान्यात 'ऑल'. म्हणजे एका शेतकऱ्याच्या हिशेबासाठी आजवरची प्रत्येक पावती वाचली जात होती. मतदार यादी घरांच्या क्रमानं असते, तिच्यात आडनावावरून माणूस शोधायचा तर पान न पान चाळावं लागतं, तसंच हे. याला उपाय इंडेक्स, म्हणजे पुस्तकामागच्या सूचीसारखी क्रमानं लावलेली वेगळी यादी. बायर आणि मॅक्रेट यांनी १९७२ साली मांडलेल्या बी-ट्री या फांद्याफांद्यांच्या रचनेवर तो उभा असतो. मायएसक्यूएलमध्ये माहिती साठवणाऱ्या इनोडीबीच्या १६ केबीच्या एका पानात शेकडो नोंदी मावतात, त्यामुळे लाखो पावत्यांतूनही तीन-चार पानांत नेमकी जागा सापडते.

पण कोणत्या रकान्यावर? ते खिडकीवर उभं राहून ऐकल्याशिवाय ठरवू नये. तिथं प्रश्न असतो, "या हंगामातलं माझं". म्हणून आधी शेतकरी क्रमांक, मग तारीख. क्रम उलटा केला तर हंगामातल्या सगळ्यांच्याच नोंदी चाळाव्या लागतात.

क्वेरीत तारखेला नुसतं वर्ष काढणारं 'ईयर' फंक्शन गुंडाळलेलं होतं. त्यानं इंडेक्सचा तारखेचा भाग वाया जातोच, शिवाय कापसाचा हंगाम ऑक्टोबर ते सप्टेंबर. डिसेंबरचा आणि जानेवारीचा माल वेगवेगळ्या वर्षांत पडतो. १ ऑक्टोबरपासून पुढच्या १ ऑक्टोबरच्या आधीपर्यंत, अशी सरळ अट लिहिली. हिशेबही बरोबर आला.

सगळ्याच रकान्यांवर इंडेक्स टाकू नका. प्रत्येक नवी पावती त्या सगळ्यांत नोंदवावी लागते, आणि ऐन गर्दीत काटा थांबता कामा नये. कापसाच्या प्रतीच्या रकान्यात त्याच त्या मोजक्या प्रती, तिथं इंडेक्सचा फारसा उपयोग नाही.

गाडी नंबरचं मात्र वेगळं. फाटकावरचे दादा शेवटचे चार आकडेच सांगतात. अर्धवट मजकुरावरून शोधणाऱ्या 'लाइक'मध्ये सुरुवातीलाच टक्क्याचं चिन्ह, म्हणजे 'आधी काहीही असो', आलं की साधा इंडेक्स त्या शोधाला उपयोगी पडत नाही. म्हणून ते चार आकडे मी वेगळ्या रकान्यात साठवतो आणि इंडेक्स त्याच्यावर टाकतो. आता दादांना एमएच ३२ पासून अख्खा नंबर विचारावा लागत नाही.