तुम्ही विचारलंत म्हणून: "कशामुळे झालं हो?"

लग्नाच्या पंगतीत, भाजीच्या गाडीवर, बँकेच्या रांगेत, कुठेही गाठता आणि आवाज खाली आणून विचारता, "शिकलासवरला मुलगा, कशामुळे झालं हो हे?" स्किझोफ्रेनिया म्हणजे काय, त्यात कुणी नसतानाही आवाज ऐकू येतात, ते तुम्हाला ठाऊक आहे. कराडहून पुण्याला इंजिनिअरिंगला गेल्यावर तिसऱ्या वर्षी माझ्या मुलाचं काय झालं, ते तर माझ्याआधी तुम्हाला कळलं होतं. तेव्हा ते सोडते.

उत्तर कोणतं देऊ, हीच अडचण आहे. रक्तातून आलं म्हटलं की मी सुटते आणि मुलगी अडकते. परिस्थितीमुळे म्हटलं की मुलगी सुटते आणि आईनं लक्ष दिलं नाही, हे आलंच. गांजा म्हटलं की आम्ही सगळे सुटतो, तो एकटा अडकतो.

मुलीच्या बघण्याच्या कार्यक्रमाला हे सगळं एका खोलीत जमलं. घरात असा आजारी मुलगा आहे, हे फोनवर आधीच सांगितलं होतं. लपवणाऱ्यांतले आम्ही नाही. सकाळी मिस्टर म्हणाले, "विचारलंच तर गांजा सांग. पोराला नावं ठेवतील, घराण्याला नाही." पोहे झाले. बघायला आलेल्या मुलाच्या मावशीनं बशी खाली ठेवली. "रक्तात आहे का हो कुणाच्या?" मी गांजा सांगितला. पुण्याची संगत, रूमवरची पोरं, सगळं सांगितलं.

तेवढ्यात तो आतून आला. त्याला कुणी आत बसवलं नव्हतं, आपणहूनच बसला होता. गोळ्यांनी हात कापतो, त्यामुळे कपबशी वाजत होती. म्हणाला, "मावशी, आवाज आधी यायला लागले. मी ओढायचो ते झोप लागावी म्हणून." मग मिस्टरांकडे बघून, "आणि आजोबांची बहीण माडीवर असायची ना, तिला पण यायचे."

मिस्टरांनी मान वर केली नाही. मावशीनंच विचारलं, "आता येतात का रे?" "कमी. आत्ता नाही," म्हणाला, आणि तिच्याच शेजारी बसून पोहे खाल्ले, दोनदा मागून. मला उठून आत जावंसं वाटत होतं. मावशी मात्र त्याला पुण्यात कुठे राहायचास, ते विचारत बसल्या. चार दिवसांनी निरोप आला: पत्रिका जुळत नाही. छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जुळल्यावरच ते आले होते.

मी खोटं बोलले, असं मुलगी अजून म्हणते. मला नाही पटत. स्वीडनमध्ये 1969-70 साली सैन्यभरतीला आलेल्या पोरांचा माग ठेवला होता. पन्नासपेक्षा जास्त वेळा गांजा-चरस ओढलेल्यांना हा आजार होण्याचं प्रमाण सहापट निघालं. 1987 साली छापून आलंय. आता हेही खरं, की त्या ओढणाऱ्यांतल्याही बहुतेकांना काहीच झालं नाही. आणि आधी आवाज की आधी गांजा, ते आमच्या घरात फक्त एकालाच ठाऊक आहे, आणि त्यानं ते सांगितलं.

सुरुवातीची काही वर्षं मी सगळ्यांना ठणकावून सांगायचे, मेंदूतल्या डोपामिन नावाच्या रसायनाचा बिघाड आहे, मधुमेहासारखा. आईबापाचा काय संबंध? अमेरिकेत फ्रीडा फ्रॉम-राइशमान नावाच्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी 1948 साली या आजाराचा दोष आईच्या वागण्याला लावला होता. पुढे ते टिकलं नाही, पण तोवर कितीक आयांनी मान खाली घालून दिवस काढले असतील. त्यांच्यासारखी मी होणार नव्हते. पण त्या वेळच्या मला आज विचारावंसं वाटतं: मग गोळ्या तेवढ्याच असताना, घरात वादावादी झाली की आवाज का वाढतात गं? तिच्याकडेही उत्तर आहे. सुरू होणं वेगळं, उसळणं वेगळं. बरोबर आहे तिचं. तरी माझं समाधान होत नाही.

जुळ्यांचं घ्या. अगदी एकसारख्या जुळ्यांत एकाला झाला तर दुसऱ्याला होण्याची शक्यता साधारण निम्मी. रक्तच सगळं असतं तर दोघांनाही झाला असता. हॉलंडमध्ये 1944-45च्या हिवाळ्यात उपासमार झाली, तेव्हा गर्भ राहिलेल्या मुलांत पुढे हा आजार सुमारे दुप्पट दिसला. मी स्वतः 72च्या दुष्काळातली. मला पोटात घेऊन आई खडी फोडायला जायची, वर सुकडी खायची. मला काही झालं नाही. माझ्या मुलाला झालं. लावा हिशेब.

माहेरी कुणाला नाही, असं मी ठासून सांगत आले. धाकटे काका घर सोडून गेले ते नर्मदा परिक्रमेला, असंच आम्ही म्हणतो. जाण्याआधी वर्षभर ते रेडिओ फडक्यात गुंडाळून ठेवायचे, त्यातून आपल्याबद्दल बोलतात म्हणून. त्याला तेव्हा कुणी आजार म्हटलं नाही.

मुलीचं पुढे दुसरीकडे जमलं. आता तिला दिवस गेलेत, आणि परवा तिनंही तुमचाच प्रश्न विचारला. मी आकडे सांगितले: एरवी शंभरात एक, भावंडांत नऊ-दहा, मामाला असेल तर भाच्यांत तीन-चार. "म्हणजे पंच्याण्णवच्या वर पोरांना नाहीच," ती म्हणाली. मी हो म्हटलं. "आणि तुझ्याकडचं कुणी?"

काकांचं मी तिला अजून सांगितलेलं नाही.